कुठल्या उतारावरचं उत्तर

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळा डोंगर नीटताई म्हणतो. कारण उघड आहे. कुणीही त्यांच्याशी बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्याला त्या म्हणतात, "थांबा, नीट सांगा." शेजारणीनं म्हणावं की फळं गळताहेत, तर या विचारणार, हिरवी की पिकलेली, शेंड्याची की बुडाची, सगळ्या झाडांची की बांधालगतच्या? नवऱ्यानं म्हणावं डोकं दुखतंय, तर पुढून की मागून? मोठे दीर आता दुखणं सांगतच नाहीत. गोळी घेतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं की बाई भोचक आहे. अजूनही वाटतं. फक्त आता त्या भोचकपणाचा त्यांना पगार मिळतो.

पगार देतो आमचा कॉफीवाल्यांचा संघ. इथे कुणाचीच बाग मोठी नाही. मागच्या दारात उभं राहून हाक मारली तर शेवटच्या झाडाखालच्या माणसाला ऐकू जाते, एवढ्याच सगळ्यांच्या बागा. संघाच्या इमारतीत पुढे वजनकाटा, मधे पोत्यांचं कोठार, बाजूला माझी चव घेण्याची खोली, आणि सगळ्यात मागे, पूर्वी फुटक्या बादल्या टाकायचे तिथे, ताईंची खोली. त्या खोलीत एक टेबल, एक संगणक, कानाला लावायचा हेडफोन आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेली रिकामी पोती. आत पाऊल टाकलं की आधी दोन शिंका द्याव्या लागतात, मग बोलता येतं.

काम समजायला सोपं आहे. शेतकऱ्यानं एका नंबरवर फोन करायचा आणि आपला प्रश्न बोलायचा. त्या विषयावर डोंगरावरच्या कुणी आधी काही सांगून ठेवलेलं असेल, तर यंत्र ते त्याच माणसाच्या आवाजात ऐकवतं. नसेल तर प्रश्न ताईंकडे येऊन पडतो. मग ताई त्यातल्या जाणत्याला गाठतात, त्याच्याकडून उत्तर वदवून घेतात आणि त्या त्या कप्प्यात ठेवतात. छाटणीचा कप्पा, किडीचा, तोडणीचा, आंबवणीचा, वाळवणाचा. स्वयंपाकघरातले डबे जसे लावलेत तसेच हे कप्पे लावलेत, आणि दोन्हीकडे कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. ही सगळी व्यवस्था बसवून देणाऱ्या इंजिनियरबाई शहरातून अधूनमधून येतात. ताईंच्या प्रश्नांना न कंटाळलेली माझ्या पाहण्यातली तेवढी एकच व्यक्ती.

ताईंनी हे काम का घेतलं तेही सांगायला हवं. सासूबाई होत्या तोवर आमच्या घरची कॉफी कधी बिघडली नाही. कुठली फांदी ठेवायची, कुठलं फळ अजून दोन दिवस झाडावर राहू द्यायचं, सगळं त्यांच्या बोटांत होतं. त्या गेल्या, आणि पहिल्याच हंगामात आम्ही दोघी जावा टाकीच्या काठावर बसून एकमेकींची तोंडं बघत राहिलो. बी आता धुवायची की अजून थांबायचं, दोघींनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून विचारायचं राहून गेलं होतं. ताई तेव्हा टाकीपाशी जेवढ्या रडल्या तेवढ्या त्या सासूबाईंच्या अंत्ययात्रेलाही रडल्या नव्हत्या. संघानं या कामासाठी माणूस हवा म्हटल्याबरोबर त्या पदर खोचून पुढे झाल्या त्या उगीच नाही.

मात्र लोकांना बोलतं करणं सोपं नव्हतं. आमच्याकडे शहाणपण असलं तरी ते आपणहून सांगायचं नसतं. आपलं नाव घेऊन "असं करा, तसं करू नका" म्हणणारा माणूस चारचौघांत शिष्ट ठरतो. म्हणून ताईंनी सगळ्यांना कबूल केलं की नाव सांगायचं नाही, बाग सांगायची नाही, नुसतं उत्तर सांगा आणि मोकळे व्हा; आवाजावरून कुणी ओळखलं तर ओळखलं, आपण नाव घेतलं नाही म्हणजे झालं. त्यावर लोक भडाभडा बोलायला लागले. इंजिनियरबाईंनी एकदा विचारलं होतं की उत्तर कुठल्या जागेचं आहे याचा रकाना सक्तीचा करू का? ताई म्हणाल्या, नको, जागा सांगणं म्हणजे नावच सांगणं, लोक पुन्हा तोंड मिटतील. शिवाय कॉफी ती कॉफी. घोड्यानं पेंड खाल्ली ती इथेच.

कारण कॉफी ती कॉफी नसते. डोंगराच्या वरच्या धारेला गारठा असा की भर उन्हाळ्यात पांघरूण लागतं, आणि खाली नदीकाठच्या खोऱ्यात सकाळी तापवलेलं दूध दुपारी नासतं. सोललेल्या बीवर चिकट गर असतो. तो सुटावा म्हणून बी टाकीत आंबवत ठेवतात आणि सुटला की लगेच धुतात. थंडीत त्याला दोन रात्री लागतात. खोऱ्यात एक रात्र पुष्कळ झाली. त्याच्यापुढे गेलं की बीला शिरक्याचा, मग सडक्या कांद्याचा वास लागतो. एकदा लागला की धुवा, वाळवा, भाजा, तो जात नाही. चव घेण्याच्या खोलीत बसून मी असले कप तोंडात घेतलेत आणि थुंकलेत, त्यामुळे हे मला कुणी शिकवायला नको.

आता टपालकाका. सगळी हयात या डोंगरावर पत्रं वाटण्यात गेली. निवृत्त झाले आणि खालच्या खोऱ्यात एक लहानशी बाग घेऊन दोघं नवराबायको तिथे राहायला गेले. भाड्याच्या खोल्यांत संसार केलेला माणूस, त्यामुळे स्वतःच्या झाडांना पहिली फळं धरली तेव्हा काका सकाळ-संध्याकाळ त्यांच्यातून नुसते फिरायचे. काकू म्हणायच्या, लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं. काकांचा स्वभाव सूचना पाळण्याचा. औषधाच्या बाटलीवर "हलवून घ्या" लिहिलं असेल तर बाटली हात दुखेपर्यंत हलवतील. काट्यावर भेटले तेव्हा मला म्हणाले होते, मला अनुभव नाही, तेव्हा तुमच्या ताईंचा फोन सांगेल तसंच्या तसं करणार. ताईंना हे कळलं तेव्हा त्या सुखावल्या, आणि लगेच धास्तावल्याही.

ऐन तोडणीत ताईंना सर्दीनं गाठलं. ताप चढला, नाक चोंदलं, आवाज फाटक्या भोंग्यासारखा. मोठ्या दिरांनी पहिल्यांदाच घरात हुकूम सोडला आणि त्यांना अंथरुणातून उठू दिलं नाही. ताप उतरल्यावर त्या कामावर आल्या, ती सकाळ मला लख्ख आठवते. मी त्यांना गरम कॉफी द्यायला मागच्या खोलीत गेले तर त्या पडद्याकडे बघत उभ्या होत्या. खुर्ची मागे ढकललेली. कोणत्या बागेला कोणतं उत्तर ऐकवलं गेलं ते त्या पडद्यावर दिसतं.

"टपालकाकांनी आंबवणीचं विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "परवा दुपारी."

मी म्हटलं, चांगलं आहे की, विचारलं तर. त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. आवाज स्वेटरकाकांचा होता. हे अगदी वरच्या धारेवर राहतात आणि बाराही महिने एकच करडा स्वेटर घालतात. ते बजावून सांगत होते, सोललेली बी टाकीत गेली की दोन रात्री तिला हात लावायचा नाही, घाई करणाऱ्याची कॉफी बुळबुळीत राहते. त्यांच्या जागी शंभर टक्के खरं. टपालकाकांनी ते तीनदा ऐकलं होतं.

तीनदा म्हणजे त्यांनी पाठ केलं असणार, हे आम्हा दोघींच्या एकदमच मनात आलं. ताईंनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. संघाची गाडी पोती आणायला गेली होती. ताईंनी अंगावरची शाल खुर्चीवर टाकली आणि बाकीचे निरोप तसेच न ऐकता ठेवून बाहेर पडल्या. मी भाजायचा डबा मांडलेला होता, तो बंद केला आणि त्यांच्या मागे धावले.

खाली जाणारी पायवाट बागांच्या बांधांवरून जाते. एरवी ताई दर बांधावर थांबून कुणाचं काय चाललंय ते विचारतात. त्या दिवशी लोक तोडणी थांबवून हाका मारत होते आणि ताई मान वर न करता उतरत होत्या. मधे एकदा घसरल्या, मी दंड धरला, तेव्हा म्हणाल्या, "त्यांना काहीच येत नव्हतं म्हणून तर त्यांनी मला विचारलं गं." मी त्यांना सांगितलं की जगाची चिंता वाहून झाली असेल तर पायाखाली बघा. एखाद्या मुरलेल्या शेतकऱ्यानं चुकीचं ऐकलं तर तो हसून सोडून देतो. हा माणूस आज्ञाधारक होता, आणि ही त्याची पहिलीच कॉफी होती. वर्षभराची सगळी फळं त्यांनी एकाच टाकीत घातलेली असणार, कारण त्यांच्याकडे दुसरी टाकीच नव्हती.

काकांच्या अंगणात शिरलो तर काकू ओट्यावर बसून चाळणी घासत होत्या. टाकी रिकामी, स्वच्छ धुतलेली, तिच्या काठावर बादली उपडी घातलेली. बी वाळवणाच्या जाळीवर पसरलेली. ताई जाळीपाशी गेल्या आणि ओंजळ भरून नाकाशी नेली. पण चोंदलेल्या नाकाला काय कळणार! ओंजळ हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. नीट सांगा, कधी धुतली, असं त्यांनी विचारायला हवं होतं. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना प्रश्न न विचारता उभं राहिलेलं पाहिलं ते तेवढंच.

मग मी वास घेतला. जाळीच्या या टोकाचा घेतला, त्या टोकाचा घेतला, खालचा थर उकरून घेतला. ओल्या लाकडाचा वास, थोडा गवताचा, आणि मागे किंचित गोडसर. शिरका नाही, कांदा नाही. बी बोटांत चोळली तर खरखर वाजली. मी म्हटलं, "काही झालेलं नाही."

"नीट घे वास," ताई म्हणाल्या.

"माझ्या नाकाचा पगार घेते मी. काही झालेलं नाही."

तेवढ्यात टपालकाका नदीकडून पाण्याची कळशी घेऊन आले. आम्हाला बघून त्यांना आनंदच झाला. त्यांना वाटलं, आम्ही त्यांची पहिली कॉफी बघायला आलोय. फोन कुठे आहे विचारलं तर त्यांनी जाळीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. बी धुताना वाकले आणि खिशातला फोन सरळ पाण्यात गेला, म्हणून त्यांनी तो उघडून कॉफीशेजारी वाळत घातला होता. वरून फडका झाकलेला. धूळ बसू नये, असं म्हणाले.

ताईंना आता वाचा फुटली. त्यांनी सगळं सांगितलं, की उत्तर वरच्या धारेचं होतं, ते इथे लागू नव्हतं, आणि चूक माझी आहे. काका शांतपणे ऐकत होते. मग कळशी खाली ठेवून म्हणाले, "ते मला कळलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवाज ओळखीचा वाटला. तिसऱ्यांदा ऐकल्यावर खात्री पटली की हे आपले स्वेटरवाले. त्यांच्या दारात मी किती वर्षं पत्रं टाकलीत. तिथे बोटं अशी बधिर व्हायची की पाकीट हातात आहे की नाही कळायचं नाही. म्हटलं, उत्तर चांगलं आहे, पण आपल्या घरचं नाही. दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपण फोडायचं नसतं."

मग काय केलंत, मी विचारलं. काका म्हणाले, काय करायचं, परत पाठवलं. लगेच दुसरा फोन करून निरोप ठेवला की हे वरच्या लोकांचं आहे, खोऱ्यातल्या माणसांसाठी काय ते सांगा. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. ताईंचं उत्तर आलं नाही, तेव्हा ते बांधापलीकडच्या शेजारणीकडे गेले. ही बाई माहितीची खाण आणि तोंडाला कुलूप. तिच्याकडून एक वाक्य मिळावं म्हणून ताईंनी तिच्या अंगणात किती फेऱ्या मारल्या असतील, पण यंत्राशी बोलायचं म्हटलं की ती घरात निघून जायची. काकांचं ऐकून तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आपणहून आली, टाकीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बी चोळून कानाशी नेली, "धुवा" म्हणाली आणि निघून गेली. काकांनी धुतली.

म्हणजे कालच सकाळी. म्हणजे एकच रात्र.

ताई काठावरची उपडी बादली ओढून तिच्यावर बसल्या. आधी हसायला लागल्या, मग डोळ्यांतून पाणी, मग सर्दीचं नाक, सगळं एकदम सुरू झालं. काकूंनी चाळणी टाकली आणि स्वतःचा पदर त्यांच्या हातात दिला. मला इतकं हलकं वाटलं की मी जाळीवरच्या बिया उगाच सारख्या करत बसले. दुसऱ्याच्या वाळवणाला हात लावू नये हे मला कळतं, पण हातांना काहीतरी करायला हवं होतं. ताई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "वाचलं, वाचलं बाई." काका ओशाळून उभे होते. आपल्यामुळे कुणाला एवढा त्रास झाला, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं होतं. काकूंनी सगळ्यांना गरम पाणी दिलं, कारण घरात कॉफीची पूड संपली होती. कॉफीवाल्याच्या घरी कॉफी नाही यावर आम्ही चौघंही पुरेसं हसलो.

वर आल्यावर ताईंनी राहिलेले निरोप ऐकले. पहिलाच काकांचा. नम्रपणे सांगत होते की उत्तर चुकून वेगळ्या ठिकाणचं आलेलं दिसतं, तरी गैरसमज नसावा. म्हणजे सकाळी ताईंनी तो एक निरोप ऐकण्याइतका धीर धरला असता तर माझे गुडघे वाचले असते. हे मी बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तू काही थांबली असतीस का?

मग त्यांनी इंजिनियरबाईंना फोन लावला आणि जागेचा रकाना सक्तीचा करायला सांगितलं. नाव नको, पण उतार हवा, ऊन कधी येतं ते हवं, पाणी कुठलं ते हवं. इंजिनियरबाईंनी "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही, शहाण्या आहेत. त्यानंतर ताईंनी आंबवणीच्या कप्प्यातलं एकेक उत्तर काढून सांगणाऱ्याला फोन करायला सुरुवात केली. स्वेटरकाकांना राग आला. मी कुठे राहतो ते सगळ्या डोंगराला माहीत आहे, ते यंत्राला कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी त्यांना समजावलं की तुमच्या दोन रात्रींनी आज खालच्या एका माणसाची कॉफी नासली असती. मग स्वेटरकाका म्हणाले की लिहा, वरची धार, थंडी. आणि हेही घाला की खालच्यांनी माझं ऐकू नये. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या आवाजात भरून दिलं, आणि आता ते त्यांच्या प्रत्येक उत्तराच्या आधी ऐकू येतं. खालच्या लोकांना त्याची गंमत वाटते, पण कुणी विसरत नाही.

टपालकाकांची कॉफी वाळून, भाजून पुढे माझ्या टेबलावर आली. कपावर नुसता आकडा होता, तरी मी ती ओळखली असं म्हणणार नाही. तेवढी फेक मला जमत नाही. स्वच्छ होती, गोड होती, जरा साधी होती. पहिल्या पिकाला तेवढं पुष्कळ.

पण ते नंतर. त्याच दिवशी, ताईंच्या मनात अजून एक काटा होता आणि तो त्यांनी दिवसभर कुणाला दाखवला नाही. संध्याकाळी मी खोलीला कुलूप लावायला गेले तेव्हा बोलल्या. काका चांगले आहेत म्हणून काही म्हणाले नाहीत, पण आता ते फोनवर विसंबणार नाहीत. का विसंबावं? उत्तर चुकलं, आणि चुकलंय असं कळवलं तर दोन दिवस कुणी ऐकलंही नाही. मी त्यांना सांगितलं की उद्या बघू, आधी घरी चला, ताप परत चढेल. त्या संगणक बंद करायला वाकल्या आणि तेवढ्यात नवा निरोप आल्याची खूण झाली. नंबर त्या अबोल शेजारणीचा होता. त्या नंबरवरून आजवर एकही फोन आला नव्हता. ताईंनी हेडफोन काढून आवाज खोलीत मोकळा केला, मलाही ऐकू यावा म्हणून.

आवाज टपालकाकांचा. ते नेहमीसारखे सावकाश, शब्द सुटे सुटे करत बोलत होते.

"खालचं खोरं, नदीच्या अलीकडचा काठ. वारा नाही. ऊन दुपारचं. आमचा फोन वाळतोय म्हणून शेजारच्या बाईंच्या फोनवरून बोलतोय. ताई, वाळवणाचा थर किती जाड ठेवू?"

मग निरोप संपला असं वाटलं, पण संपला नव्हता. थोडी खरखर झाली आणि मागून एक बाईमाणसाचा आवाज आला, दबका आणि त्रासलेला.

"दुपारचं कुठलं? सकाळपासून असतं. नीट सांगा की."

ताईंनी ते पुन्हा लावून ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या, नाक पुसलं, आणि मला म्हणाल्या की तू हो पुढे, मी या दोघांशी बोलून येते.